मूर स्ट्रीटची आरोळी : डब्लिनच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
मा. लॉर्ड मेयर आणि सर्व ६३ सदस्य,
डब्लिन सिटी कौन्सिल, सिटी हॉल, डेम स्ट्रीट, डब्लिन

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातली. २००१ च्या ऑगस्टमध्ये नर्स म्हणून तुमच्या शहरात आले आणि इथलीच होऊन राहिले. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या टपालात वेगळी येईलच. आधी मराठीत लिहिते आहे, कारण तेव्हा माझं इंग्रजी ड्युटीपुरतं होतं, आणि बाजारात उभी राहिले की डोक्यात मराठीच चालायची. या शहराची माझ्याशी ओळख झाली ती बाजारात. शिवाय इथल्या मराठी घरांनीही हे वाचावं असं मला वाटतं. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहत असलं आणि यादीत नाव असलं की पुरतं. म्हणजे ज्या नगरसेवकांना मी लिहिते आहे ते माझ्या मराठी वाचकांचेही नगरसेवक आहेत.

विषय मूर स्ट्रीटच्या रस्त्यावरच्या बाजाराचा आहे. तिथे गाड्या लावून फळं, भाजी, फुलं, मासे विकणाऱ्या बायकांचा, म्हणजे ज्यांना डब्लिन ‘डीलर’ म्हणतं त्यांचा.

माझा इथला पहिला आठवडा टोस्ट आणि उकडलेल्या बटाट्यांवर गेला. शनिवारी एक मल्याळी मैत्रीण म्हणाली, चल, भाजी दाखवते. हेन्री स्ट्रीटवरून उजवीकडे वळलो आणि कानावर आरोळी आली. शब्द एकही कळला नाही, पण चाल कळली. मालवणच्या बंदरावर पाटीमागे बसलेली गाबतीण शेवटचा स्वर वर चढवते आणि तिथेच सोडून देते, तीच ती चाल. मी रस्त्यातच थांबले. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, केळी, सफरचंदं, फुलकोबी, बादल्यांतून फुलं, आणि पुढे एका फळीवर मासे. मासेवालीचा ॲप्रन निळा, बोटं गार पाण्याने लाल झालेली. तिच्यासमोर मॅकरेलचा ढीग होता. मी ओरडलेच, “अगो बाय, बांगडो!”

आमच्या बांगड्याच्या पाठीवर ठिपके असतात, इथल्या मॅकरेलच्या पाठीवर नागमोडी पट्टे. पण नाकाला फरक कळत नाही. मी चार मागितले. तिने सवयीने डोकं उडवायला सुरी उचलली, तशी मी दोन्ही हात पुढे केले. नको, डोकं ठेवा, आमच्याकडे डोक्यासकटच शिजवतात. ती सुरी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, आणि शेजारच्या गाडीवरच्या बाईला म्हणाली की या पोरीला मासा कळतो. मग न मागता वर एक टाकला आणि ओल्या वर्तमानपत्रात पुडी बांधून दिली. युरोच्या नोटा यायला तेव्हा चार महिने होते, मी पंटात, म्हणजे जुन्या आयरिश पौंडात पैसे दिले. त्या रात्री नर्सेसच्या सामायिक स्वयंपाकघरात, बॅगेतून आणलेली तिरफळं घालून मी बांगड्याचं तिखलं केलं. वास तीन मजले गेला. कोणी तक्रार केली नाही, दोन फिलिपिनो मुली वाटी घेऊन आल्या.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? घर सोडून आलेल्या माणसाला नवं शहर कुठून तरी आत घेतं. बँकेत खातं काढताना ते होत नाही. ते कोणीतरी आपल्याला ‘लव्ह’ म्हणून हाक मारतं तेव्हा होतं. मला ती हाक मूर स्ट्रीटवर मिळाली.

पुढे बरीच वर्षं मी वृद्धांच्या वॉर्डात काढली. कुठल्या इस्पितळात, ते लिहीत नाही, आणि रुग्णांची नावंही अर्थातच नाहीत. पण तुमचं जुनं शहर मला त्या वॉर्डाने शिकवलं, आणि ते मला पुस्तकातल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे असं मी धीर करून म्हणेन.

एक आजोबा होते. बोलणं जवळजवळ बंद झालेलं. एका दुपारी मी औषधांची ट्रॉली घेऊन आत आले, तर त्यांनी बोट रोखून ‘बँग बँग’ म्हणून मला गोळी घातली. मी गडबडले. तेवढ्यात समोरच्या खाटेवरून दुसऱ्या म्हाताऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली, मग खिडकीकडच्याने, आणि मिनिटभरात साऱ्या वॉर्डात ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं एकमेकांवर बोटांनी गोळ्या झाडत होती, आणि पडणारे उशीवर मान टाकून मरत होते. नंतर सफाईच्या बाईने मला समजावलं. थॉमस डडली नावाचा एक गृहस्थ होता. अनाथालयात वाढलेला, वेस्टर्न सिनेमांचा वेडा. हातात एक मोठी लोखंडी किल्ली घेऊन तो चालत्या बसच्या मागच्या दांड्याला लटकायचा आणि प्रवाशांना ‘बँग बँग’ करायचा. आणि डब्लिनची पद्धत अशी, की त्याने गोळी घातली की आपण मरायचं, नाहीतर उलट गोळी घालायची. भरल्या रस्त्यावर, कोट-टोपी घातलेली मोठी माणसंसुद्धा. १९८१ मध्ये तो गेला. त्याची ती किल्ली पिअर्स स्ट्रीटच्या तुमच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिली.

त्या वॉर्डात संध्याकाळी सहाला टीव्हीवर अँजेलसच्या, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेच्या घंटा वाजल्या की सारे गप्प व्हायचे, आणि त्यानंतर गप्पांना रंग चढायचा. थिएटर रॉयल तर मी न पाहता पाहिलं आहे. हॉकिन्स स्ट्रीटवर १९३५ साली उघडलेलं, जवळजवळ चार हजार माणसं मावणारं. एकाच तिकिटात सिनेमा आणि रंगमंचावरचा खेळ, मध्ये ऑर्गन वाजायचा आणि अख्खं थिएटर एका आवाजात गायचं. बाहेर पाऊस, घरी एका खोलीत आठ माणसं, आणि इथे दोन-तीन तास ऊब. एक बाई मला म्हणाली होती की आम्ही नाटकाला जायचो ते अर्धं ऊब घ्यायला. १९६२ च्या ३० जूनला शेवटचा पडदा पडला. त्या जागी सरकारी कचेऱ्यांची इमारत उभी राहिली, आता तीही पाडून झाली.

आणि नाच! वॉटरफर्डचा रॉयल शोबँड, डब्लिनचा मायामी, कॉर्कचे डिक्सीज. पार्नेल स्क्वेअरच्या नॅशनल बॉलरूममध्ये एका भिंतीला मुली, दुसऱ्या भिंतीला मुलगे, मध्ये मोकळी फरशी. प्यायला फक्त ‘मिनरल’, म्हणजे आपण ज्याला कोल्डड्रिंक म्हणतो ते. ती मोकळी फरशी ओलांडून जाणं ही आयुष्यातली सर्वांत लांब चाल होती, असं एका आजोबांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांची बायको शेजारी बसून त्यांचा हात चोळत होती. लग्न ठरण्याआधी दोघं भेटायची क्लेरीज या मोठ्या दुकानाच्या घड्याळाखाली. सारं शहर तिथेच भेटायचं. मुली म्हणे आधी रस्त्याच्या पलीकडून बघून घ्यायच्या की आलेला मुलगा उजेडात कसा दिसतो, आणि आवडला नाही तर बस पकडून परत. क्लेरीजच्या समोरच, रस्त्याच्या मधोमध, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा खांब, वर त्याचा पुतळा. १६८ पायऱ्या चढून वर गेलं की समुद्र दिसायचा, आणि खाली पायथ्याशी फुलवाल्या बसायच्या. १९६६ च्या ८ मार्चला पहाटे दीडच्या सुमारास तो स्फोटाने उडवला गेला. त्या रात्रीची गोष्ट मी किमान वीस तोंडांनी ऐकली आहे. नेल्सनचं दगडी डोकंही आता पिअर्स स्ट्रीटच्या ग्रंथालयातच आहे.

या सगळ्या आठवणींत मला सर्वांत जवळची एक आजी. ती मूर स्ट्रीटची डीलर होती. तिची आई डीलर, आजी डीलर. मला ती भेटली तेव्हा स्मृती पार विस्कटलेली होती. मुलींची नावं उलटसुलट व्हायची, नवरा जिवंत आहे की नाही ते आठवायचं नाही. पण रोज पहाटे चारला ती उठून बसायची आणि तिची प्रॅम शोधायची. बाळाची जुनी प्रॅम, ज्यात माल घालून या बायका घाऊक बाजारातून मूर स्ट्रीटपर्यंत ढकलत आणायच्या. प्रॅम मिळाली नाही की रडवेली व्हायची. उशीर झाला गं, चांगला माल जाईल. रात्रपाळीला मी असले की तिला कपाटातले छोटे टॉवेल आणून द्यायचे. ती एकेक टॉवेल गुंडाळायची आणि टेबलावर पाच-पाचचे वाटे लावायची. समोरची बाजू नीटनेटकी, गिऱ्हाइकाला दिसेल तशी. खराब टॉवेल मागे. खरंच, ज्या टॉवेलाला डाग असेल तो ती मागे ठेवायची. सगळे वाटे लागले की ती अगदी हळू आवाजात, शेजारच्या खाटा झोपल्या आहेत हे जणू माहीत असल्यासारखी, आपली आरोळी द्यायची. शेवटचा स्वर वर.

मग शांत झोपायची.

ती गेली तेव्हा मी सुट्टी काढून गेले. शवगाडी मूर स्ट्रीटच्या तोंडाशी मिनिटभर थांबली. गाड्यांवरच्या बायकांनी हातातलं काम ठेवलं आणि ॲप्रनला हात पुसून उभ्या राहिल्या. एकीने काचेवर टकटक केली, जणू आत कोणी ऐकणार आहे.

मान्यवर, आता मूळ मुद्दा.

तुमचं शहर जुन्या गोष्टी जपत नाही असं मी म्हणणार नाही. किल्ली जपली आहे. दगडी डोकं जपलं आहे. गाण्यातल्या मॉली मलोनचा पुतळा १९८८ मध्ये बसवला, २०१४ मध्ये सफोक स्ट्रीटला हलवला, आणि पर्यटक तिच्या अंगाला नको तिथे हात लावतात म्हणून २०२५ मध्ये तिच्याशेजारी तुम्ही माणसं उभी केलीत. योग्यच केलंत, बाई म्हणून मी त्याबद्दल आभारी आहे. पण ती रस्त्यावर मासे विकणाऱ्या बाईची मूर्ती आहे, आणि जिवंतपणी तेच काम करणाऱ्या बायका तिच्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत. २००१ साली मी त्यांची रांग बघितली. आज काही सकाळी मी त्यांना एका हाताच्या बोटांवर मोजते. जिला मी माझी मासेवाली म्हणायचे ती थकून घरी बसली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. मूर स्ट्रीटला बांगडा नाही मिळाला की मी सुपरमार्केटातून आणते, प्लास्टिकच्या ताटलीत, डोकं उडवलेला.

हा रस्ता तुम्ही राष्ट्राचा इतिहास म्हणून सांगता, आणि तो आहेच. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावात, १९१६ च्या २८ एप्रिलला, जळत्या पोस्ट ऑफिसातून निघालेले बंडखोर याच रस्त्यावरच्या घरांत शिरले आणि भिंतींना भोकं पाडत एका घरातून दुसऱ्यात सरकले. १६ नंबरच्या घरात पुढाऱ्यांनी शरणागतीचा निर्णय घेतला, सामान्य डब्लिनकरांची आणखी कत्तल होऊ नये म्हणून. पांढरं निशाण घेऊन गोळ्यांच्या रस्त्यात बाहेर पडली ती एलिझाबेथ ओफॅरेल, एक नर्स. शरणागतीच्या फोटोत ती बंडाचा पुढारी पॅट्रिक पिअर्स याच्या मागे झाकली गेली आहे, फक्त तिची पावलं दिसतात, आणि पुढे छापलेल्या काही प्रतींत ती पावलंही पुसून टाकली. मी स्वतः नर्स, तेव्हा त्या फोटोसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहते. १४ ते १७ नंबरची घरं २००७ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली. बाकीच्या रस्त्याचं काय, हे कोर्टात गेलं. २०१६ मध्ये हायकोर्टाने एक सांगितलं, २०१८ मध्ये अपिलात ते फिरलं. बांधकामाचे आराखडे वर्षानुवर्षं येताहेत, बदलताहेत. या सगळ्या भांडणात घरं, भिंती, वीट, दगड यांवर ढीगभर कागद झाले. त्या भिंतींपुढे रोज उभ्या राहणाऱ्या बाईचं काय, यावर फार थोडे.

ओफॅरेलची पावलं पुसली तशी यांचीही पुसली जाऊ नयेत एवढंच माझं मागणं आहे.

मला माहीत आहे, कोणी म्हणेल की हे म्हाताऱ्या माणसांचं जुन्याला कवटाळणं आहे. तेव्हा स्पष्ट सांगते. मला जुनं डब्लिन परत नको. वॉर्डातल्या माझ्या माणसांनी मला जुन्यातलं वाईटही सांगितलं आहे. एका खोलीत दहा जणांचं बिऱ्हाड, क्षयाने गेलेली भावंडं, १९६३ च्या जूनमध्ये बोल्टन स्ट्रीट आणि फेनियन स्ट्रीटवर कोसळलेली जुनी घरं आणि त्यांखाली मेलेली चार माणसं. सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की नोकरी सोडायची, हा नियम या देशात १९७३ पर्यंत होता. आणि नेमकी इथेच मूर स्ट्रीटची गोष्ट मोठी होते. ज्या काळात शिकलेल्या बाईला लग्नानंतर घरी बसवत होते, त्या काळात या बायका नऊ-नऊ पोरं वाढवत रस्त्यावर स्वतःचा पैसा कमावत होत्या. त्यांना कामावरून काढणारा साहेब नव्हता. जागा आईकडून लेकीकडे जायची. जिमी ओडी या नटाने शाल पांघरून रस्त्यावरच्या विक्रेतीचं सोंग, बिडी मलिगन, रंगमंचावर आणलं तेव्हा सारं डब्लिन हसलं, कारण प्रत्येकाला तशी एक बाई माहीत होती. आमच्याकडे बालगंधर्वांनी शालू नेसून जे केलं ते सौंदर्याचं होतं. इथे मात्र प्रेक्षकांना खरखरीत आवाजाची, हिशेबाला पक्की, पोरांना पोसणारी बाई रंगमंचावर हवी होती. मला हे फार आवडतं.

आणि जुनं म्हणजे फक्त आयरिश, असंही कधी नव्हतं. डब्लिनकर माशा-बटाट्याला ‘वन अँड वन’ म्हणतात ते का, तर १८८० च्या दशकात जुझेप्पे चेर्वी नावाच्या इटालियन माणसाच्या दुकानात त्याची बायको पाल्मा बोट दाखवून विचारायची, ‘यातलं एक, त्यातलं एक?’ इंग्रजी न येणाऱ्या बाईची ती गोष्ट शहराच्या बोलीत शंभर वर्षांहून जास्त राहिली. मूर स्ट्रीटवर मी आले त्याच सुमारास आफ्रिकन, चिनी, पूर्व युरोपातली, आमच्याकडची दुकानं दोन्ही अंगांना उघडत होती. कोथिंबिरीची जाड जुडी, भेंडी, हिरवी मिरची मला तिथेच मिळायला लागली. एका दिवाळीला नारळ फोडून बघितल्याशिवाय मी घेईना, तर शेजारची केळीवाली हातोडी घेऊन मदतीला आली. दुकानदार नायजेरियन, नारळ कुठला कोण जाणे, फोडणारी डब्लिनची आणि करंज्या मालवणच्या. पार्नेल स्ट्रीट ओलांडलं की रोटुंडा इस्पितळ, १७४५ पासूनचं. तिथेच १९७९ साली आमच्या तालुक्यातल्या वराड गावाचं आडनाव लावणारा मुलगा जन्मला आणि २०१७ मध्ये या देशाचा पंतप्रधान झाला. त्या जूनमध्ये मी भाजी घ्यायला गेले तेव्हा एक डीलर गाडीमागून ओरडली, “तुमच्या गावचा लागला गं नोकरीला!” राजकारण तिला पटत होतं की नाही, ते तिने सांगितलं नाही. पण माझं गाव तिला आठवत होतं.

म्हणून तुमच्याकडे काही ठोस मागते आहे.

१९९५ च्या कॅज्युअल ट्रेडिंग कायद्याप्रमाणे रस्त्यावर विकायची जागा ठरवणं आणि परवाना देणं तुमच्या हातात आहे. मूर स्ट्रीटच्या रिकाम्या झालेल्या जागा रिकाम्या ठेवू नका. डीलरच्या लेकीसुनांना आधी विचारा, त्या नको म्हणाल्या तर या शहरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला द्या, तिचं नाव ओब्रायन असो की ओकाफोर की परब. सुरुवातीची दोन वर्षं भाडं इतकं कमी ठेवा की पावसाळी आठवड्यात तिला रात्री झोप लागेल. नळाचं पाणी, विजेची जोडणी, रात्री गाडी आणि माल ठेवायला कुलूपबंद जागा, आणि जवळ एक स्वच्छ मुतारी. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईसाठी हे शेवटचं पहिलं आहे, आणि नर्स म्हणून सांगते, याच्या अभावाने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग मूत्रपिंडाचे विकार घेऊन आमच्याकडे येतात.

बांधकाम सुरू झालं की ‘काही काळापुरतं’ म्हणून बाजार हलवू नका. हलवलेला बाजार परत येत नाही. मेरीज लेनजवळचं १८९२ चं घाऊक भाजी मार्केट २०१९ मध्ये बंद झालं तेव्हाही नव्या रूपात उघडण्याचंच बोलणं होतं, आणि पहाटे चारला प्रॅम घेऊन जायचं ठिकाणच त्या दिवशी संपलं. फ्रान्सिस स्ट्रीटवरचं आयव्हा मार्केट १९०६ साली रस्त्यावरच्या विक्रेत्यांना डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून बांधलं गेलं. कमानींच्या माथ्यावर दगडी चेहरे आहेत, त्यांतला एक डोळा मिचकावतो. आत वर्षानुवर्षं बाजार नाही. मी लेकीला तो चेहरा दाखवायला नेलं होतं, तर ती म्हणाली, आई, याला आत काय चाललंय ते माहीत नाही का? मला उत्तर सुचलं नाही. ही दोन्ही छपरं ज्यांच्यासाठी होती त्यांच्यासाठी आधी उघडा, मग हवं तर कॉफीची दुकानं आणा.

आणि आवाज जपा. पुतळ्याला आवाज नसतो. ज्या बायका आज हयात आहेत त्यांच्या आरोळ्या, त्यांचा हिशेब, मालाची त्यांची नावं, नाताळच्या आठवड्यातल्या त्यांच्या खास हाका, हे सगळं त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करा, त्यांना त्याचे पैसे द्या, आणि ते रेकॉर्डिंग त्या किल्लीशेजारी पिअर्स स्ट्रीटला ठेवा. पण बाजार चालू ठेवून. बाजाराऐवजी नाही.

तुमच्या स्वतःच्या कचेऱ्या वूड क्वेवर आहेत, व्हायकिंग वस्तीच्या अवशेषांवर. १९७८ मध्ये ती जागा वाचवायला वीस हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले होते, तरी कचेऱ्या झाल्या. माझ्या वॉर्डात त्या मोर्च्याला गेलेली एक शिक्षिका होती. तिला राग नव्हता राहिला. ती एवढंच म्हणायची की आम्ही उशिरा चाललो. मी ते लक्षात ठेवलं, म्हणून आता लिहिते आहे, अजून काही गाड्या लागतात तोवर.

मी दर शनिवारी सकाळी नऊला मूर स्ट्रीटवर असते. माझ्याबरोबर एखादी मराठी मैत्रीण असते, हातात कापडी पिशवी. तुम्ही एकदा या. फोटोवाला आणू नका, पिशवी आणा आणि काहीतरी विकत घ्या. मग गाडीमागे उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला विचारा की तुझ्यानंतर या जागेवर कोण. ती काय म्हणाली ते पुढच्या सभेच्या इतिवृत्तात, तिच्याच शब्दांत, लिहून घ्या.

आपली नम्र,
मालवणची एक नर्स,
डब्लिन ७